जिन्याचं हॉटेल, लिफ्टचं हॉटेल

"पहाटे पावणेचारला अंघोळीला गरम पाणी मिळेल का?" हा प्रश्न मी डिसेंबरात कोल्हापुरातल्या अकरा हॉटेलांना फोन करून विचारला. चौघांनी फोन उचलला नाही. तिघांनी "मिळंल की" इतकंच सांगून ठेवून दिला. एकाने विचारलं, "पावणेचार दुपारचं ना?" एकाकडे खोलीच नव्हती. उरली दोन. पुढचे आठ दिवस ही दोनच हॉटेलं माझ्या डोक्यात बसून होती. ऑफिसात बिलं तपासतानाही मी मनातल्या मनात कोल्हापूरचे जिने चढत होते.

आईला अंबाबाईची काकड आरती बघायची होती. तिचं माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठ. लग्न होऊन पुण्यात आली त्याला चोपन्न वर्षं झाली, तरी दूध नासलं की "कोल्हापुरात असं होत नव्हतं" म्हणते. वय सत्त्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. डावा छान बसलाय, उजवा अजून कुरकुरतो. त्यात उजवा खांदा धरलेला, त्या हातावर भार घेववत नाही. ही सगळी शरीराची यादी देतेय कारण पुढे हॉटेल निवडताना तीच कामाला आली. फोटो आणि तारे बिनकामाचे निघाले.

माहेर असताना हॉटेल कशाला, असं कुणीही विचारेल. मामाचा वाडा पाडून तिथे इमारत झाली. मामेभावाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही. खड्ड्याला प्लायवूड ठोकलंय आणि त्याला टेकून सगळ्या बिऱ्हाडांच्या सायकली उभ्या असतात. मामेभाऊ म्हणाला, "आत्याला खुर्चीत बसवून आम्ही चौघं उचलून नेतो की." आईने फोन माझ्याकडून काढून घेतला आणि त्याला सुनावलं, "खुर्चीत बसून मी फक्त एकदाच जाणार, ते बी खाली." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आईच्या तरुणपणी हॉटेल म्हणजे खायची जागा. राहायला लॉज. "राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" अशी पाटी असायची त्याला लॉजिंग-बोर्डिंग म्हणत. आता लॉज म्हटलं की आई नाक मुरडते, आणि त्याच लॉजने पाटी बदलून 'रेसिडेन्सी' केलं की तिला चालतं. भक्तनिवास आणि धर्मशाळाही मी बघितल्या. स्वस्त आणि स्वच्छ होत्या, पण एकीत आयत्या वेळी जो मजला मिळेल तो घ्यायचा आणि दुसरीत भारतीय पद्धतीचा संडास. दोन्ही बाद. वर चढत गेलं की पाच-सहा हजारांची हॉटेलं लागतात, ती माझ्या पगाराला झेपली असती पण आईच्या जिवाला नाही. खोलीचं भाडं कळलं की तिला झोप लागत नाही. म्हणून मधली. दोन ते तीन हजारांतली.

कालनिर्णयच्या जुन्या पानामागे दोन रकाने केले. पहिलं हॉटेल महाद्वार रोडवरून आत जाणाऱ्या एका बोळातलं. जुनं, चार मजली, भाडं 2400. दुसरं ताराबाई पार्कातलं, पाच-सहा वर्षांपूर्वीचं, पुढे पोर्च, भाडं 2900, नाश्ता त्यातच. आईने दुसऱ्याच दिवशी त्यांची बारशी करून टाकली. पहिलं जिन्याचं हॉटेल, दुसरं लिफ्टचं. दोन्हींची खरी नावं मी इथे देत नाही. पुढे एका ठिकाणी तक्रार आहे, आणि त्या माणसाने नंतर आईला चहा पाजला होता.

पैशांचं आधी उरकते. बुकिंगच्या ॲपवर जो आकडा मोठ्या अक्षरात दिसतो त्यात कर नसतो, तो शेवटच्या पानावर येऊन बसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झालाय, आधी 12 होता. म्हणजे 2400 चे 2520 आणि 2900 चे 3045. दोन रात्रींचा फरक 1050 रुपये. एवढ्यासाठी मी डोकं लढवणार नव्हते. गंमत अशी, की लिफ्टच्या हॉटेलाने ॲपवर 2900 लावले होते आणि सरळ फोन केल्यावर 2600 सांगितले. ॲपवाल्याचं कमिशन वाचतं, त्यातलं थोडं आपल्याला देतात, पण मागावं लागतं. मी मागितलं नाही, आईने मागितलं. मागून ओरडली, "त्यास्नी म्हणावं म्हातारं माणूस हाय, कमी करा." माझ्या अंदाजाने त्याने ते ऐकूनच शंभर आणखी सोडले. जिन्याच्या हॉटेलाने एक रुपया कमी केला नाही. उलट म्हणाले, "ताई, शनिवार-रविवारी आमच्याकडं रांग असते." खोटं नव्हतं. देवळाजवळच्या खोल्या शनिवार-रविवारी जातात, नवरात्रात जातात, मेच्या सुट्टीत जातात आणि किरणोत्सवाला जातात. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर. बहुतेक देवळांतला देव पूर्वेकडे तोंड करून असतो, अंबाबाई पश्चिमेकडे बघते, म्हणून हे घडतं. डिसेंबर बरोबर मधला महिना, म्हणून त्यातल्या त्यात खोली मिळाली.

लोकांचे अभिप्राय मी कसे वाचते ते सांगते. पाच तारेवाले सोडून देते, त्यात निम्मे मालकाचे भाचे असतात. एक तारावाले पण सोडते, त्यातल्या बऱ्याच जणांचं घरी भांडण झालेलं असतं. तीन तारेवाले वाचते. त्यांना हॉटेल आवडलेलंही असतं आणि काहीतरी टोचलेलंही असतं, आणि काय टोचलं ते ते नीट सांगतात. हॉटेलने टाकलेले फोटो बघत नाही, पाहुण्यांनी टाकलेले बाथरूमचे बघते. तिथे उंबरा दिसतो, नळ दिसतो, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का दिसतं. लिफ्टच्या हॉटेलातल्या एका फोटोत कुणाचीतरी बनियन वाळत होती आणि तिच्यामागे स्टीलची दांडी. त्या अनोळखी बनियनवाल्याचे आभार. जिन्याच्या हॉटेलाबद्दल एका तीन तारेवाल्याने लिहिलं होतं, "लोकेशन बेस्ट, पण लिफ्ट आहे असे म्हणतात ते पूर्ण खरे नाही." हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. लिफ्ट पूर्ण खरी नाही म्हणजे काय?

फोन केला. काऊंटरवरचा मुलगा म्हणाला, "लिफ्ट हाय की ताई."
"रस्त्यापासून आहे?"
"लिफ्ट काऊंटरपासनं हाय."
"आणि काऊंटर रस्त्यापासून?"
थोडा वेळ काहीच नाही. मग, "जरा चार पायऱ्या हैत."
"देऊळ किती लांब?"
"हितंच की ओ. पाच मिनिटं."

कोल्हापुरात कुठलीही जागा पाच मिनिटांवरच असते. रंकाळा पाच मिनिटं, स्टँड पाच मिनिटं, जोतिबाचा डोंगर फार तर दहा. लिफ्टच्या हॉटेलाचा मॅनेजरही देऊळ पाच मिनिटं म्हणाला होता आणि तिथून ते चांगलं अडीच-तीन किलोमीटर आहे.

शेवटी मामेभावाला कामाला लावलं. त्याची मोटारसायकल दुरुस्तीची टपरी आहे, संध्याकाळी मोकळा असतो. "दोन्ही बघून ये, पायऱ्या मोज, खोटं सांगू नको." त्याने इतकं मनावर घेतलं की मी चकित झाले. रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर बोललेले निरोप यायला लागले, एकामागून एक, सात.

पहिला: "अक्का, चार न्हाई, नऊ पायऱ्या हैत. मी दोनदा मोजल्या. चढताना नऊ, उतरताना बी नऊ."

दुसरा: "लिफ्टमधी तीन माणसं मावत्यात, त्यातला मी एक असलो तर दोन."

तिसरा: "बाथरूमला उंबरा हाय वीतभर. पर गिझर परत्येक खोलीत स्वतंत्र हाय, मी चालू करून बघितला. पाच मिनिटात चटका बसला."

चौथा: "देवळाचं कुठलं दार जवळ, त्ये इचारलंस न्हाईस. महाद्वार. माझ्या पायानं चार मिनिटं, आत्याच्या पायानं दहा धर."

हा चौथा निरोप महत्त्वाचा. देवळाला चार बाजूंनी चार दारं आहेत, आणि नुसतं 'देवळाजवळ' म्हणून काही कळत नाही. महाद्वाराकडून आत गेलं की गरुड मंडपाच्या बाजूने रांगेत न उभं राहता मुखदर्शन होतं. आईला तेवढं पुरणार होतं.

पाचवा निरोप लिफ्टच्या हॉटेलाचा: "हितं एकदम झकास, अक्का. रस्त्यापासनं उतार केलाय, चाकाची खुर्ची जाईल असा. लिफ्टमधी म्हस मावंल. संडासात धरायला दांडी. फरशी सपाट."

सहावा: "पर पाणी सोलरचं हाय. सकाळी सहाला बॉयलर चालू करत्यात म्हणं. पावणेचारला कोमट बी यायचं न्हाई, रातभर टाकीत गार झालेलं असतंय."

सातव्यात नुसता गाडीचा आवाज आणि त्याच्या बायकोचं "जेवायला येताय का न्हाई?"

माझा निर्णय झाला. लिफ्टचं हॉटेल. पाण्याचं मॅनेजरशी बोलले, तो म्हणाला किचनमधून बादलीभर कढत पाणी पाठवतो. रिक्षाची अडचण नव्हती, स्टँड आणि रेल्वे स्टेशन त्याच अंगाला, तिथे अपरात्रीही रिक्षा उभ्या असतात. उतार, लिफ्ट, दांडी, नाश्ता, वर भाडं कमी केलेलं. मी आईला जाऊन सांगितलं, जणू परीक्षेत पहिली आले.

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "नऊ पायऱ्या म्हणजे केवढ्याच्या? आपल्या वाड्याला सात होत्या. उंच."

"आई, तेव्हा तू आठ वर्षांची होतीस."

"धरायला काय आहे का विचार."

मी विचारायचं राहिलं होतं. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी परत गेला. (हे मी त्याच्या उपकारांत लिहून ठेवलंय.) निरोप आला: कठडा आहे, लोखंडी, पक्का, हलवून बघितला. पण एकाच बाजूला. चढताना डाव्या हाताला.

आता बघा. चढताना डाव्या हाताला म्हणजे आईचा चांगला खांदा. उत्तम. पण तोच कठडा उतरताना उजव्या हाताला येतो, म्हणजे धरलेला खांदा. आणि गुडघे बदललेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला शिकवलंय, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात मात्र कठड्यावर घट्ट. हात घट्ट ठेवताच येणार नाही तर उपयोग काय? मी हे सगळं कागदावर जिना काढून तिला समजावलं. बाणसुद्धा काढले.

तिने कागद उलटा केला, कालनिर्णयची बाजू वर आली, एकादशी कधी आहे ते बघितलं आणि म्हणाली, "मी आडवी उतरते."

"म्हणजे?"

"कठड्याकडे तोंड करून. दोन्ही हातांनी धरायचं आणि एकेक पायरी बाजूने. खेकड्यासारखं. तू ऑफिसला गेल्यावर मी अशीच खाली जाते भाजीला."

मला हे माहीत नव्हतं. माझी समजूत होती की माझ्या मागे ती लिफ्टनेच जाते. आमची लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद असते हे मलाही माहीत आहे, पण दोन आणि दोन मी कधी जोडले नव्हते.

"आणि पहाटेचं चालत जायचंय मला," ती म्हणाली. "रिक्षातून उतरून काकड आरतीला जाणारी बाई मी नव्हे."

जिन्याच्या हॉटेलाला एक हजार ॲडव्हान्स पाठवला. लिफ्टच्या हॉटेलच्या मॅनेजरला फोन करून नाही म्हणाले. तो बिचारा म्हणाला, "काही हरकत नाही, बादलीचं मी सांगूनसुद्धा ठेवलं होतं." ते मला अजून लागतं.

प्रवासाचं काय सांगू. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट माफ आणि बायकांना अर्धं, त्यामुळे आईचं शून्य रुपयांचं आणि माझं अर्धं तिकीट घेऊन आम्ही स्वारगेटहून निघालो. आईने ते शून्याचं तिकीट पाकिटात ठेवलंय. साताऱ्याच्या पुढे सहापदरी रस्त्याचं काम चालू, त्यामुळे गाडी सारखी इकडून तिकडे वळत होती. पोचायला साडेतीन झाले.

मामेभाऊ स्टँडवर हजर. हॉटेलच्या बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि मी त्या नऊ पायऱ्या पहिल्यांदा डोळ्यांनी बघितल्या. कडप्प्याच्या, मधोमध घासून खोलगट झालेल्या. पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच, हे त्याने सांगितलं नव्हतं. आईने डावा हात कठड्यावर ठेवला, डावा पाय टाकला, उजवा त्याच्याशेजारी आणला. थांबली. पुन्हा डावा. आम्ही दोघं मागे हात पसरून उभे, विकेटकीपरसारखे. पाचव्या पायरीवर तिने मागे न बघता सांगितलं, "माझ्या मागं उभं राहू नका, मला बिचकायला होतं." नवव्या पायरीवर काऊंटरवरच्या मुलाने टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या.

तिथे अजून जाडजूड रजिस्टर आहे. आधार कार्डाची झेरॉक्स घेतातच, वर हाताने लिहूनही घेतात. नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. मी कारणात 'देवदर्शन' लिहिलं. आईने चष्मा लावून वाचलं आणि पुढे स्वतःच्या अक्षरात 'व माहेर' असं जोडलं. मुलगा म्हणाला, "आजी, माहेर कुठलं?" तिने पेठ सांगितली, गल्ली सांगितली, कुणाच्या शेजारी ते सांगितलं. त्याची आजी त्याच गल्लीतली निघाली. मग पंधरा मिनिटं आम्हाला खोलीची किल्ली कुणी देईना.

खोली ठीक होती. फोटोत होती त्याच्या पाऊणपट. चादर पांढरी स्वच्छ, उशी विटेसारखी. बाथरूमचा उंबरा खरंच वीतभर, तिथे मी प्लॅस्टिकचा स्टूल दारात ठेवून सोय केली. खिडकी बोळाकडे. खाली एक बांगडीवाला, एक चपलांचं दुकान आणि एक भेळेची गाडी. भेळवाल्याचा चमचा पातेल्यावर आपटायचा तो ठेका रात्री साडेदहापर्यंत चालू होता. मी कानात कापूस घातला. आई त्या ठेक्यावर नऊला झोपली. शुक्रवारची अंबाबाईची पालखी असते, ती बघायची असं ठरलं होतं, पण उठवावंसं वाटलं नाही.

झोपण्याआधी मामेभावाची बायको डबा घेऊन आली होती. झुणका, भाकरी, खर्डा, दह्याचं सट. लिफ्टमध्ये पाटी होती, 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई'. डबा त्या पाटीखालूनच वर आला आणि काऊंटरवरच्या मुलाच्या हातात दोन भाकऱ्या ठेवून आला. पलंगावर पेपर अंथरून आम्ही जेवलो. आईने भाकरीचा पापुद्रा सोडवून त्यात खर्डा भरला आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता तक्रार.

साडेतीनला उठलो. गिझर चोख. आईची अंघोळ, नऊवारी नाही पण काठाची पाचवारी, ओटीचं सामान पिशवीत. चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्टने काऊंटरपर्यंत आलो. दिवा एकच मिणमिणता. आई कठड्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी आडवी उतरली. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेळात. शेवटच्या उंच पायरीवर जरा थबकली, मग पाऊल टाकलं. खाली पोचलो आणि समोर शटर. बंद. आतून कुलूप.

अकरा हॉटेलांना मी गरम पाण्याचं विचारलं होतं. पायऱ्या, कठडा, उंबरा, दांडी, सगळं विचारलं होतं. रात्री दार बंद करता का, हे मला सुचलंच नाही.

आई कठड्याला टेकून उभी. खाली बसायला काही नाही. मी धावत वर. काऊंटरमागे बाकड्यावर चादरीचं गाठोडं होतं, त्यातून वॉचमन निघाला. त्याला आधी कळेना की आम्हाला बाहेर जायचंय, त्याला वाटलं कुणीतरी आत येतंय. मग किल्ली सापडेना. उशीखाली नाही, खिळ्यावर नाही, खिशात नाही. शेवटी रजिस्टरमध्ये खूण म्हणून ठेवलेली निघाली. खाली येऊन त्याने कुलूप काढलं, शटर कंबरेपर्यंत उचललं आणि म्हणाला, "या की वाकून."

"वाकता येत असतं तर काय पाहिजे होतं," आई म्हणाली.

"पूर्ण उघडलं तर लई आवाज हुतोय, आजी. वरचे साहेब ओरडत्यात."

"उघड."

त्याने उघडलं. मधेच अडकलं, त्याने खांदा लावला, आणि सगळा बोळ जागा होईल असा करकराट झाला. वरच्या मजल्यावर एक दिवा लागला. समोर चपलांच्या दुकानाच्या फळीवर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. आई ताठ मानेने बाहेर पडली.

दहा मिनिटं मामेभावाने धरली होती, आम्हाला सतरा लागली. ती तीनदा थांबली. दम लागला असं म्हणाली नाही. पहिल्यांदा थांबली ते इथे पूर्वी काय दुकान होतं ते सांगायला, दुसऱ्यांदा एका बंद दारावरची पाटी वाचायला, तिसऱ्यांदा नुसतीच. थंडी चांगली होती. महाद्वार रोडवर दुकानं बंद, फक्त फुलवाल्या बायका पाट्या उतरवत होत्या. एकीने वेणी पुढे केली. आईने भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आरतीचं लिहीत नाही. ते तिचं आहे. मी थोडी मागेच उभी होते.

येताना ती म्हणाली गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी पिळून समोर धारोष्ण दूध देतात, जाऊ या. मी म्हटलं ते उलट्या दिशेला आहे आणि तुझं चालणं आजच्यापुरतं झालं. तिने ऐकलं. मामेभावाने नंतर बाटलीत आणून दिलं, तर "बाटलीतलं तसं लागत नाही" म्हणून मलाच प्यायला लावलं.

शनिवारी दुपारी आम्ही मुद्दाम लिफ्टच्या हॉटेलात जेवायला गेलो. मला बघायचंच होतं. उतारावरून आई सरळ चालत आत गेली, हात न धरता. हात धुवायच्या निमित्ताने मी तळमजल्यावरचं बाथरूम बघून आले. फरशी सपाट, दांडी पक्की. पोटात कसंतरी झालं. शाकाहारी थाळी 220 रुपये, बरी होती. आईने चहूकडे बघितलं, गार हवा अंगावर घेतली आणि म्हणाली, "हितं झोप छान लागली असती." मी काही बोलले नाही. चार घास गेल्यावर तिनेच पुढे जोडलं, "पण कुठल्या गावात झोपलोय ते कळलं नसतं."

दुसऱ्या पहाटे चार वाजता शटर आधीच वर होतं. वॉचमन तिथेच खुर्ची टाकून बसलेला. आईसाठी दुसरी खुर्ची ठेवली होती, ती बसली नाही.

रविवारी अकराला खोली सोडली. काऊंटरवर त्या दिवशी मालक स्वतः होते, पन्नाशीचे, कपाळाला मळवट. बिल 5040, ॲडव्हान्स वजा जाता 4040. शटरचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. माफी मागितली, चहा मागवला. मग छापलेला कागद पुढे केला, त्यावर चौकोनी कोड. "ताई, एवढं स्कॅन करून पाच स्टार देऊन टाका."

मी फोन काढला. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"त्या जिन्याला दुसऱ्या बाजूनं पण कठडा बसवा," ती त्यांना म्हणाली. "पुढच्या नवरात्राआधी येऊन बघणार मी. मग देईन पाच."

"आणि आत्ता किती, आजी?"

आईने चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत उपडा घातला.

"तीन."